सायन्स फिक्शन शॉर्ट फिल्म करताय? या चुका टाळा

कॉलेजच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत सायन्स फिक्शन आली की सुरुवात बहुतेक ठरलेली असते. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटतात, 'सन 2150. पृथ्वीवरचं पाणी संपलं आहे...' मग निळ्या उजेडातली खोली आणि संगणकावर केलेलं यान. मुलांनी रात्री जागून काम केलेलं असतं, म्हणून फिल्म पडली की फार हळहळ वाटते. 'बजेट नव्हतं' हे कारण मात्र मला पटत नाही. या प्रकारातली कितीतरी भक्कम कामं अगदी तुटपुंज्या पैशांत झाली आहेत.

पहिली चूक म्हणजे भविष्य बांधत बसणं. ते शोधावं लागतं. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने 1965 मध्ये 'आल्फाव्हिल' या चित्रपटासाठी एकही सेट उभारला नाही. त्या काळच्या पॅरिसमधल्या काचेच्या नव्या इमारती आणि रात्रीचे रस्ते त्याला पुरले. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस'मधलं भविष्यातलं शहर म्हणजे टोकियोचे उड्डाणपूल आणि बोगदे आहेत. जॉर्ज लुकासने 1967 मध्ये विद्यार्थी असताना केलेली 'टीएचएक्स 1138 4ईबी' ही साधारण 15 मिनिटांची फिल्म बरीचशी भुयारी पार्किंगसारख्या जागांत घडते. पळणारा माणूस आणि कानावर सतत आदळणारे नियंत्रण कक्षातले आवाज, एवढ्यावर ते जग उभं राहतं. तुमच्याही शहरात मेट्रोचं रिकामं स्टेशन आहे, बंद पडलेली गिरणी आहे, कॉलेजची जुनी प्रयोगशाळा आहे. रेकी करताना, म्हणजे शूटआधी जागा पाहायला जाल तेव्हा, तिथला आवाजही ऐका, आणि चित्रीकरणाची परवानगी आधीच लेखी घ्या.

ख्रिस मार्करची 'ला जेते' (1962) तर प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावी. 28 मिनिटांची काळप्रवासाची ही गोष्ट जवळजवळ पूर्णपणे स्थिरचित्रांतून सांगितली आहे. एकदाच, काही क्षणांपुरती, झोपेतून उठणारी स्त्री डोळे उघडते आणि चित्र हलतं. तेवढ्या हालचालीने अंगावर काटा येतो, कारण तोवर दिग्दर्शकाने ती राखून ठेवलेली असते.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते. पात्रं एकमेकांना असं काही समजावत बसतात, जे दोघांनाही आधीच ठाऊक असतं. 'तुला माहीतच आहे, सरकारने झोपेवर बंदी घातल्यापासून...' माहीत असेल तर सांगतोस कशाला? समजा, तुमच्या जगात झोप रेशनवर मिळते. मग आई पिशवीतून कार्ड काढते, दुकानदार शिक्का मारतो आणि म्हणतो, 'या महिन्याचे दोनच तास राहिलेत, काकू.' मागे उभा असलेला, परीक्षा तोंडावर आलेला तिचा मुलगा मान खाली घालतो. झालं, प्रेक्षकाला सगळं कळलं. शेन कॅरुथच्या 'प्रायमर'मध्ये (2004) इंजिनियर मित्र इंजिनियरांसारखेच बोलतात. आपल्याला अर्धं कळत नाही, तरी त्यांच्या यंत्रावर विश्वास बसतो. तो पूर्ण लांबीचा चित्रपट सुमारे 7,000 डॉलरमध्ये झाला. पण त्याच्या गुंतागुंतीची नक्कल दहा मिनिटांत करू नका. तुमच्यासाठी एकच बदल पुरे, बाकी जग रोजचंच ठेवा.

आणि तो बदल शेवटपर्यंत पाळा. झोप रेशनवर असेल तर वॉचमन खुर्चीत पेंगताना दिसता कामा नये. दिसलाच, तर तो गुन्हा आहे आणि तिथे तुमची गोष्ट आहे. पटकथा लिहिण्याआधी नियम एका वाक्यात लिहून काढा आणि प्रत्येक प्रसंग त्याच्याशी ताडून पाहा.

आता सेटवरची दुखणी. मोबाइलवर शूट केलेल्या फुटेजमध्ये ट्यूबलाइटखाली काळसर पट्टे सरकताना दिसतात ना? आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे असा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. कॅमेरा ऑटोवर सोडू नका. प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सेटिंग हाताने बदलता येतात तिथे, शटर (प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंद करा, शक्य असेल तर फ्रेम रेट सेकंदाला 25 चित्रं ठेवा. स्वस्त एलईडी पट्ट्या तरीही दगा देतात, म्हणून एक दिवस आधी टेस्ट शूट कराच.

क्रोमाचा, म्हणजे हिरव्या कापडापुढे शूट करून मागे नंतर दुसरं दृश्य जोडण्याचा, मोह शक्यतो टाळा. करायचाच असेल तर कापडाला इस्त्री करा, कापडावर वेगळा आणि सारखा प्रकाश टाका आणि नटाला त्यापासून सहा-आठ फूट पुढे उभं करा. नाहीतर केसांच्या कडांना हिरवी झाक येते आणि ती नंतर निघता निघत नाही. 'भविष्यातला स्क्रीन' दाखवायला तर क्रोमा लागतच नाही. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने 1968 च्या '2001: अ स्पेस ओडिसी'मध्ये यानातल्या संगणकांच्या पडद्यांवर मागून 16 मिमी प्रोजेक्टरने फिल्म चालवली होती. तुम्ही ॲनिमेशन आधी तयार करा आणि शूटच्या वेळी खऱ्या मॉनिटरवर चालवा. त्याचा उजेड नटाच्या चेहऱ्यावर पडतो आणि नटालाही बघायला काहीतरी मिळतं.

आवाजाकडे शेवटच्या रात्री वळू नका. शूटच्या वेळी पंखा आणि फ्रिज बंद, प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, रेकॉर्ड. मिक्सर, लिफ्ट, पाण्याचा पंप यांचे आवाज जवळून रेकॉर्ड करून त्यांचा वेग कमी करा. यंत्राचा आवाज घरातच सापडेल.

शेवट सुचत नाही म्हणून 'हे सगळं स्वप्न होतं' करू नका. प्रेक्षकाने तुमचा नियम खरा मानलेला असतो. त्या आईकडे शेवटचे दोन तास आहेत. ते ती स्वतः वापरते, मुलाला देते की विकते, हे तिला ठरवू द्या आणि तिथेच कट करा.