खाडीकाठी जुनी काच सापडली? आधी मूस शोधा

घोडबंदर किल्ल्याकडे किंवा खाडीच्या कडेने फिरताना हिरवट काचेचा तुकडा दिसला की आपल्या ठाण्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच "पोर्तुगीज काळातली काचभट्टी!" सुरू होतं. जरा दमानं घ्या. काच सापडणं वेगळं आणि काचेचा कारखाना सापडणं वेगळं.

देखण्या काचेकडे आधी दुर्लक्ष करा. फुटकी काच तेव्हाही गोळा करून परत वितळवायचे, आपले भंगारवाले आज करतात तेच, त्यामुळे नुसता ढीग म्हणजे पुरावा नाही. इंद्रधनुष्यी चमक बघूनही हुरळू नका, ओल्या मातीत पडून राहिलेल्या अलीकडच्या बाटलीलाही ती येते. शोधायची ती मूस, म्हणजे ज्या मातीच्या भांड्यात काच वितळायची त्याचं खापर: जाड, आतून काचेचा थर चिकटलेला, काठावरून ओघळ आलेला, बाहेरून भट्टीच्या राखेने आलेली चकाकी. ते दिसलं तर मात्र खुशाल नाचा. सोबत काचेचे थेंब, ओढलेल्या काचेचे दोरे आणि फुंकनळीच्या टोकाला उरलेला वाकडा तुकडा मिळाला तर काम तिथेच चालायचं म्हणायला जोर येतो. काळी जड मळी, म्हणजे भट्टीतला वितळून थिजलेला कचरा, असेल तर चुंबक लावा, चिकटलं तर बहुतेक लोखंडाची, काचेची नव्हे.

अमेरिकेत जेम्सटाउनला १६०८ मध्ये काच बनवायला सुरुवात झाली, आणि १९४८ मध्ये पुरातत्त्वज्ञ हॅरिंग्टन यांनी ती जागा खोदली तेव्हा काय मिळालं? दगडगोट्यांच्या भट्ट्यांचे तळ, मुशींची खापरं, हिरव्या काचेचा बारीक कचरा. पुरातत्त्ववाल्यांचं खरं सोनं हेच.

मग जळण बघा. इंग्लंडमध्ये १६१५ ला राजाने काचभट्टीत लाकूड जाळायला बंदी घातली आणि कोळसा आला, कोळशाला खालून भरपूर हवा लागते म्हणून पुढच्या भट्ट्यांखाली हवेचे बोगदे सापडतात, तेवढ्यावरूनही काळाचा अंदाज येतो.

आणि हो, उचलू नका. दहाचं नाणं बाजूला ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, पुरातत्त्व विभागाला कळवा, संरक्षित जागी खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात सापडलं तरी साबण लावून घासू नका, जुन्या काचेचा वरचा पापुद्रा लगेच सुटतो.