छोट्या गाडीला दुसऱ्या रिम्स घ्यायच्यात? डिझाइन शेवटी बघा, आधी आकडे जुळवा

रिम बदलायची वेळ दोनच कारणांनी येते, एकतर खड्ड्यात आपटून आहे ती रिम वाकली किंवा तिला चीर गेली, नाहीतर स्टीलवरून अलॉयवर जायचंय. कारण काहीही असो, बहुतेक जण सुरुवात उलटीकडून करतात, आधी फोटो बघून डिझाइन पसंत करायचं आणि मग विचारायचं की हे माझ्या गाडीला बसेल का, आणि विकणारा म्हणतो बसेल की. आणि बसतंही! नट आवळले जातात, गाडी चालते, दिसतेही छान. पण नट आवळले गेले म्हणजे रिम गाडीला मॅच झाली असं अजिबात नाही. गाडीत आपल्या घरची माणसं बसणार असतात म्हणून ह्या एका बाबतीत मी सगळ्यांच्या मागे लागतो की आकडे कागदावर लिहून घ्या, मग दुकानात जा.

आकडे कुठे मिळतात तर दोन ठिकाणी. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो किंवा मॅन्युअलमध्ये पान असतं, तिथे टायरची साइझ आणि हवेचं प्रेशर मिळतं. रिमचे आकडे मात्र बहुतेक रिमवरच कोरलेले असतात, त्यासाठी एक चाक खोला, आतली बाजू वर करून ठेवा आणि फडक्याने माती पुसा, स्पोकच्या पाठीमागे किंवा नटांच्या भोकांजवळ ५½जे×१४ ईटी४५ असं काहीतरी दिसेल. स्टीलच्या रिमवर हे बारीक ठोकलेलं असतं, रंगाखाली दबलेलं असतं, टॉर्च तिरका धरला की वाचता येतं. ह्यात ५½ म्हणजे रुंदी इंचात, जे म्हणजे कडेचा आकार, १४ म्हणजे व्यास, ईटीचं पुढे सांगतो. टेप लावून व्यास मोजायला जाऊ नका, कारण व्यास धरतात तो टायरची कड जिथे बसते तिथला, बाहेरच्या काठापासून काठापर्यंत मोजलं तर साधारण एक इंच जास्त येतो आणि १४ ची रिम १५ ची समजून लोक चुकीचे टायर घेतात.

अजून एक, "माझ्या मॉडेलला हीच लागते" ह्यावर जाऊ नका. मॉडेलचं नाव तेच राहतं आणि पिढी बदलली, व्हेरियंट बदलला की आकडे बदलतात. टोयोटा यारिसच्या जुन्या पिढ्यांना ४×१०० (पहिला आकडा भोकांचा, दुसऱ्याचं पुढे येतं) लागतं आणि जीआर यारिसला ५×११४.३, नाव बघून घेतलं तर पाच भोकांच्या रिम्स आणि गाडीला चार स्टड (नट ज्यावर आवळतात ते दांडे) असा प्रकार. स्वतःच्या गाडीचं चाक खोलून बघितलेला आकडा तोच खरा.

आता पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या गोलावर असतात त्याचा व्यास. ४×१०० म्हणजे चार भोकं आणि त्यांच्या मध्यातून जाणाऱ्या गोलाचा व्यास १०० मिमी. छोट्या गाड्यांमध्ये हाच सगळ्यात जास्त दिसतो, त्याशिवाय फोर्डमध्ये ४×१०८, फोक्सवॅगन पोलोला ५×१००, जुन्या फियाटना ४×९८ असे असतात. चार भोकं असतील तर मोजणं सोपं, एका भोकाच्या बाहेरच्या काठापासून समोरच्या भोकाच्या आतल्या काठापर्यंत मोजा, तोच पीसीडी. पाच भोकं असली की बरोबर समोर भोक नसतं, मग शेजारशेजारच्या दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत घ्या आणि १.७ ने गुणा. ५८.८ आलं तर १००, ६५.८ आलं तर ११२, ६७.२ आलं तर ११४.३. बघा, ११२ आणि ११४.३ मध्ये शेजारच्या भोकांत फक्त १.४ मिमीच्या आसपास फरक पडतो, म्हणून व्हर्नियर (मिमीचे भागही मोजणारी पट्टी) घ्या, शिवणकामाची टेप नको. आणि फरक इतका कमी म्हणूनच हे धोक्याचं, ९८ वर १०० ची रिम किंवा ११२ वर ११४.३ ची रिम जोर लावून चढते, पण स्टड तिरके ताणले जातात, नट नीट टेकत नाही, आणि धावता धावता सैल होतो. पीसीडीत "जवळपास" चालत नाही, तंतोतंत लागतो.

सेंटर बोअर म्हणजे रिमच्या मधलं मोठं भोक, हबवर (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला गोल भाग) बसणारं. हा आकडा विकणारे बोलतच नाहीत. टोयोटा, सुझुकी, ह्युंदाईच्या बऱ्याच ४×१०० वाल्या छोट्या गाड्यांचा हब ५४.१ मिमी, होंडाच्या छोट्या गाड्यांचा ५६.१, रेनोचा ६०.१. म्हणजे पीसीडी सगळ्यांचा तोच, तरी ५४.१ भोकाची रिम होंडाच्या हबवर चढणारच नाही, आणि उलट ६०.१ ची रिम ५४.१ च्या हबवर चढेल पण सगळीकडून मोकळी राहील. बाजारातल्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, ६७.१ किंवा ७३.१ असं, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येते. हरकत नाही, पण मग मधे हबसेंट्रिक रिंग हवी, बाहेरून रिमच्या भोकाएवढी आणि आतून आपल्या हबएवढी. रिंग नसेल तर रिम मधोमध बसली की नाही हे फक्त नटांच्या भरवशावर, आणि किंचित जरी सरकून बसली तरी ८०-१०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरायला लागतं, मग माणूस बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतो आणि बॅलन्सिंगमध्ये काहीच चूक नसते. चारी रिंगा रिम घेतानाच मागून घ्या.

आता ईटी म्हणजे ऑफसेट, इथे जरा थांबून हिशोब करा कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ गेलीय असं धरा, हबला टेकणारी सपाट जागा त्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला किती मिमी आहे तो ईटी. ईटी कमी केला की चाक गाडीच्या बाहेर येतं, वाढवला की आत जातं. छोट्या गाड्यांचा साधारण ३५ ते ५० मधे असतो. पण नुसता ईटी बघून भागत नाही, रुंदी बदलली की दोन्ही कडा सरकतात. उदाहरण घ्या, जुनी रिम ५.५जे ईटी४५ आणि नवीन आवडलीय ती ६.५जे ईटी३८. ५.५ इंच म्हणजे १३९.७ मिमी, अर्धे ६९.८५, त्यात ४५ मिळवले तर आतली कड हबच्या टेकायच्या जागेपासून ११४.८५ आत, आणि ४५ वजा केले तर बाहेरची कड २४.८५ बाहेर. ६.५ इंच म्हणजे १६५.१, अर्धे ८२.५५, आतली कड १२०.५५ आणि बाहेरची ४४.५५. म्हणजे नवीन रिम आत जवळजवळ ६ मिमी जास्त घुसणार आणि बाहेर जवळजवळ २० मिमी जास्त निघणार. सात मिमीचा फरक वाटत होता आणि झाला वीसचा. आत ६ मिमीला शॉकअपशी जागा आहे का ते चाक लावलेलं असताना बोट घालून बघता येतं, आणि बाहेर २० मिमी म्हणजे मागे तीन माणसं बसली की मडगार्डची कड टायरला घासायची शक्यता भरपूर, शिवाय चिखल दारांवर उडतो, बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंगचा फील बदलतो.

त्यामुळे रुंदी तीच ठेवली तर ईटी ओरिजिनलच्या पाच मिमी इकडेतिकडे, आणि रुंदी वाढवायची असेल तर वरचा हिशोब करून मगच. "स्पेसर टाकून अॅडजस्ट करू" (स्पेसर म्हणजे हब आणि रिमच्या मधे घालायची चकती) असं कोणी म्हणालं तर माझं सरळ मत, नको. बरोबर ईटीची रिम शोधा, थोडा वेळ लागेल पण मिळते. एकच खराब रिम बदलत असाल तर त्याच अॅक्सलवरच्या दुसऱ्या रिमशी रुंदी आणि ईटी दोन्ही तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर एक चाक आत एक बाहेर अशी गाडी एका बाजूला ओढते.

व्यास वाढवायचा असेल तर टायरची बाजू तेवढी कमी करायची म्हणजे पूर्ण चाकाची उंची तीच राहते. १७५/६५ आर१४ ची उंची ५८३ मिमी येते (१४ गुणिले २५.४, अधिक १७५ च्या ६५ टक्क्यांची दुप्पट). १५ वर जाताना १८५/५५ घेतला तर ५८४.५, म्हणजे जवळपास तीच. पण १८५/६० घेतला तर ६०३, साडेतीन टक्के जास्त, मग स्पीडोमीटर कमी दाखवणार, पिकअप मंदावणार, आणि टायर आत घासूही शकतो. दोन टक्क्यांच्या आत ठेवा. टायरला रिमची रुंदीही ठराविक लागते, १८५/५५ ला ५ ते ६.५ इंच चालते, ७ वर ताणून बसवू नका. आणि खराब रस्त्यांवरून रोज जायचं असेल तर दोन इंच वाढवायचा मोह टाळा, टायरची बाजू पातळ झाली की खड्ड्याचा मार थेट रिमवर जातो, आणि आत्ता आपण रिम बदलतोय त्याचं कारणच बऱ्याचदा तो खड्डा असतो.

नट. ह्याबद्दल कोणी विचारत नाही आणि मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटते. नट रिमला जिथे टेकतो त्या जागेचा आकार तीन प्रकारचा असतो, कोनासारखा तिरका, चेंडूसारखा गोल आणि सपाट वॉशरवाला. होंडाच्या ओरिजिनल रिम्सना गोल लागतो, टोयोटाच्या बऱ्याच ओरिजिनल अलॉयना सपाट, आणि बाजारातल्या अलॉयना बहुतेक ६० डिग्रीचा तिरका. जुनेच नट नवीन अलॉयवर लावले तर आवळल्यासारखे वाटतात, पण टेकतात फक्त एका रेघेवर. मी एका मित्राच्या गाडीचा असा नट खोलून बघितला होता, पूर्ण तिरक्या भागावर चमक यायला हवी तिथे दोऱ्याएवढी एकच चकचकीत रेघ होती आणि बाकी सगळा रंग जसाच्या तसा. चाक त्या रेघेवर उभं होतं. त्यामुळे रिमबरोबर तिच्या टेकायच्या जागेच्या आकाराचे नट घ्याच, आणि आट्याही जुळवा, सुझुकी आणि निस्सानच्या छोट्या गाड्यांना १२×१.२५ (१२ मिमी जाडीचा स्टड, आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) लागतात, होंडा, टोयोटा, ह्युंदाईला १२×१.५. नट हाताने फिरवूनच सुरू करायचा, हाताने जात नसेल तर थांबायचं, पान्हा लावायचा नाही. १२×१.५ वर निदान आठ पूर्ण फेरे बसले पाहिजेत, १२×१.२५ वर दहा. कमी बसत असतील तर रिमची टेकायची जागा जाड आहे किंवा नट चुकीचा आहे.

लोड विसरू नका. रिमच्या पाठीमागे मॅक्स लोड किलोत लिहिलेला असतो. अॅक्सलचं जास्तीत जास्त वजन ८०० किलो असेल तर एका रिमला कमीत कमी ४०० हवेतच, वर थोडी मोकळीक असलेली बरी. जेडब्ल्यूएल हा जपानी स्टँडर्डचा शिक्का बनवणारा स्वतः टेस्ट करून मारतो, व्हीआयए असेल तर बाहेरून तपासणी झालेली असते, त्यामुळे दोन्ही असतील ती रिम बघा. पाठ एकदम कोरी असेल, ना लोड ना शिक्का, तर कितीही सुंदर असली तरी ठेवून द्या. गाडीत हवेचं प्रेशर दाखवणारे सेन्सर असतील तर ते रिमच्या आत व्हॉल्व्हजवळ असतात, नवीन रिममध्ये ते बसतील ना हेही विचारा.

सेकंडहँड घेत असाल तर पुढून बघू नका, पुढून सगळ्या छान दिसतात, रंग मारलेला असतो. आतली कड पूर्ण गोल बोट फिरवून तपासा, कुठे वेल्डिंगचा फुगवटा, कुठे केसासारखी चीर, नटांची भोकं लांबुळकी झालीयत का. मग बॅलन्सिंग मशीनवर टायर न चढवता रिकामी फिरवायला लावा आणि कडेकडे बघा, वर-खाली किंवा आत-बाहेर नाचताना डोळ्याला दिसत असेल तर नको.

आणि हे सगळं जुळलं तरी टायर चढवायच्या आधी नुसती रिम गाडीला लावून बघायची, पुढे एकदा आणि मागे एकदा. कारण ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा भाग. १४ ला १४ असूनसुद्धा स्पोक आत वाकलेले असले तर कॅलिपरला टेकतात, विशेषतः वरच्या व्हेरियंटला मोठी डिस्क असते तेव्हा. सगळे नट हाताने लावा, चाक हळू फिरवा, कॅलिपर आणि रिम यांच्यात सगळीकडे निदान तीन मिमी मोकळं हवं. जागा कमी वाटली तर बॅलन्सिंगची वजनं आत कुठे चिकटवणार तेही आत्ताच ठरवा. टायर चढला की रिमला खुणा पडतात आणि मग परत घ्यायला कोणी तयार होत नाही, म्हणून ही पाच मिनिटं दुकानदार कंटाळला तरी घ्यायचीच. टायर चढवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, मागे माणसं बसवून एका गतिरोधकावरून जा, घासल्याचा आवाज आला तर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर काळा पट्टा दिसेलच.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर रिम सपाट टेकत नाही. नट समोरासमोर अशा क्रमाने आवळा आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने (ठरवलेल्या ताणापर्यंत आवळणारा पान्हा) मॅन्युअलमधल्या आकड्यावर, १२ मिमी स्टडच्या छोट्या गाड्यांना तो बऱ्याचदा १०० ते ११० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. हवेच्या गनने आवळून सोडून देऊ नका. ५० ते १०० किमी चालल्यावर परत एकदा टॉर्क तपासा. आणि जुने नट फेकू नका, स्टेपनी अजून जुनीच स्टीलची असते आणि तिला नवीन नट बसेलच असं नाही, म्हणून एका चाकाला पुरतील तेवढे जुने नट पिशवीत घालून जॅकजवळ ठेवा, आणि लॉकनट (खास चावीनेच खुलणारे नट) घेतले असतील तर त्याची चावीही त्याच पिशवीत.