गोव्यात डिटेक्टिव्हचे काम कसे सुरू करावे, आणि त्यात पैसा नेमका कुठे आहे

गोव्यात खासगी गुप्तहेर व्हायचे असेल तर कुणाच्या मागे स्कूटर घालण्याआधी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत रांगेत उभे राहायला शिका. फोन येतात ते बहुतेक नवरा-बायकोच्या संशयाचे. त्यातले बरेच दर ऐकून गप्प होतात, काही आगाऊ रक्कम न देताच रडून घेतात. नियमित पैसे येतात ते वकिलांकडून, परदेशात राहणाऱ्या जमीनमालकांकडून, विमा कंपन्यांकडून आणि वेर्णासारख्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांकडून. या गिऱ्हाइकांना थरार नको असतो, कागद हवा असतो.

परवान्याचा प्रश्न आधी मिटवा

भारतात खासगी गुप्तहेराला परवाना देणारा कायदा नाही. २००७ साली राज्यसभेत विधेयक आले होते, त्याचा कायदा झाला नाही. २००५चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा, ज्याला सगळे ‘पसारा’ म्हणतात, तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्यांसाठी आहे. तो परवाना भिंतीवर टांगून ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ म्हणवणारे भेटतील. त्यांची नक्कल करू नका.

परवाना नाही म्हणून बाकीचे कागद चोख हवेत. पॅन, व्यवसायाच्या नावाचे चालू खाते, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यवसाय परवाना, आणि उद्यम नोंदणी. उद्यम फुकट होते. तिचा खरा फायदा वसुलीत दिसतो, कारण लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल कंपनीला ४५ दिवसांत चुकते करावे लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी, दर १८ टक्के. मोठ्या कंपन्या मात्र त्याआधीच जीएसटी क्रमांक मागतात.

पोलिसांसारखे दिसणारे ओळखपत्र छापू नका आणि ‘क्राइम ब्रँचमधून आलोय’ असे चेष्टेतही म्हणू नका. सरकारी नोकराचे सोंग घेण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४खाली किमान सहा महिन्यांची कैद आहे.

सुरुवातीची कामे

पहिले काही महिने मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या एजन्सींची गोव्यातली कामे घ्या. नोकरीला लागलेल्या मुलाचा पत्ता खरा आहे का, आधीच्या कंपनीत तो होता का, त्याच्यावर खटला आहे का. भेटीमागे मिळणारे पैसे शेकड्यांत असतात, हजारांत नव्हे. पेडणे ते काणकोण, म्हणजे गोव्याचे उत्तर टोक ते दक्षिण टोक, हे अंतर जवळपास शंभर किलोमीटर, त्यामुळे एकेक पत्ता घेऊन धावलात तर कमाई पेट्रोलात जाते. कामे तालुक्याप्रमाणे साठवा आणि बार्देशची एका दिवशी, सासष्टीची दुसऱ्या दिवशी उरका. ठरलेली मुदत चोवीस तासांची असेल तर दर वाढवून मागा, नाहीतर सोडून द्या.

पत्ता सापडत नाही ही इथली रोजची अडचण. घर क्रमांक एक, वाडा दुसरा, टपालाचा पत्ता तिसराच. पोस्टमन आणि सकाळी पाव घेऊन फिरणारा पोदेर यांना घर न् घर ठाऊक असते. त्यांना फक्त घर विचारा, माणसाबद्दल नको. नाक्यावरच्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, चौकशी केलीत तर तुम्ही वाड्यावर पोचण्याआधी बातमी पोचलेली असते.

जमीन आणि वारस : खरी कमाई इथे

बनावट दस्त करून परागंदा किंवा मृत मालकांच्या जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी सरकारने २०२२ मध्ये एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमली. तेव्हापासून लिस्बन, स्विंडन, दुबईत बसलेले गोंयकार आपले भाट (बागायतीची जमीन) अजून आपल्याच नावावर आहे का, हे विचारू लागले आहेत. हे काम असे करा.

गाव आणि सर्व्हे नंबर घेऊन एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबाराच म्हणा) आणि नकाशा काढा. शहरी भाग असेल तर फॉर्म ‘डी’. उताऱ्यात कब्जेदाराच्या रकान्यावर समाधान मानू नका. कूळ आणि इतर हक्कांचे रकाने वाचा, कारण मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर जागेत असेल तर गिऱ्हाइकाचे सगळे गणित बदलते. उतारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. पुढे सब-रजिस्ट्रारकडे खरेदीखतांचा शोध, आणि जुन्या मालमत्तेसाठी पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीतले वर्णन व नोंद, तसेच मात्रीजची, म्हणजे त्या काळच्या मालमत्ता कराच्या नोंदवहीची, नक्कल. पोर्तुगीज वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस मानधनावर ठेवा. अंदाजाने भाषांतर करू नका.

नवखे बहुधा नावांवर अडखळतात. आजचे नाईक जुन्या कागदात ‘नाइके’ छापाच्या पोर्तुगीज स्पेलिंगने सापडतात, कामत ‘कामोतीं’ असतात, प्रभू ‘पोरोबो’. बऱ्याच घराण्यांच्या नावांत ‘सिनाय’ येते, जे आज बरेच जण लावत नाहीत. म्हणून शोधाआधी एक कागद घेऊन त्या आडनावाची जितकी रूपे संभवतात तितकी लिहून काढा आणि नावांच्या सूचीत प्रत्येक रूप तपासा. एका रूपात नोंद नाही म्हणून ‘नोंद नाही’ असा अहवाल दिलात आणि पुढे दुसऱ्या रूपात ती निघाली, की तो वकील पुन्हा फोन करत नाही.

वारसांसाठी उत्तराधिकाराचा दस्त झाला आहे का आणि न्यायालयात इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कारवाई) चालली का, हे पाहा. यासाठी गोव्याचा २०१२चा स्वतंत्र कायदा आहे. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे इथे वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता पती-पत्नींची सामाईक धरली जाते, विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे दडवलेले पहिले लग्न हा इथे थेट जमिनीचा प्रश्न होतो. लग्नाआधीच्या चौकशीतही नागरी निबंधकाकडची नोंद आधी बघा. नोंदणी दोन टप्प्यांत होते; पहिली सही करून दुसरी राहिलेली जोडपी निघतात, आणि दोन्ही घरांना त्याचा पत्ता नसतो.

या कामाचे पैसे ठोक ठरवा. निम्मे आगाऊ घ्या, सरकारी नकला आणि प्रवास वेगळा. किती वर्षांचा शोध घेणार ते करारात लिहा. ‘सगळे शोधून द्या’ असे मोघम काम घेतलेत तर ते संपतच नाही.

पाळत

इथे माणसे एकमेकांना ओळखतात. कुणाचा मुलगा, कुठल्या वाड्यावरचा, इथवर. त्यामुळे एकट्याने पाळत ठेवू नका, दोन माणसे आणि दोन वाहने लागतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची स्कूटर कळंगुट-बागात कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. तीच सत्तरीतल्या गावात दोनदा फिरली की पोरे क्रमांक लिहून घेतात. फेरीबोटीचा विचार आधी करा. दिवाडी बेटाला जाणाऱ्या बोटीत ज्याच्या मागे आहात तो चार हातांवर उभा असतो आणि तुमच्याकडे बघायला त्याच्याकडे भरपूर वेळ असतो. एक माणूस पलीकडच्या धक्क्यावर आधीच पाठवा. मांडवीतल्या कॅसिनोवर स्थानिकांना २०२०पासून प्रवेशबंदी आहे, तेव्हा लक्ष्य तिथे चढले की धक्क्यावर वेळ टिपायची आणि थांबायचे. ड्रोनचा मोह नको. दाबोळीला नौदलाचा तळ आहे आणि आसपासचे आकाश बंदिस्त आहे.

कायद्याची बाजू गंभीर आहे. न्याय संहितेचे कलम ७८ स्त्रीचा पाठलाग करण्याबद्दल आहे. त्यात सरकारने गुन्हा शोधण्याची जबाबदारी सोपवलेल्या माणसाला सूट आहे, तुम्हाला नाही. स्त्रीवर पाळतीचे काम आले तर आधी वकिलाचा लेखी सल्ला घ्या. बहुतेक वेळा नकार देणेच शहाणपणाचे.

फोनचे कॉल रेकॉर्ड, बँकेचा उतारा, दुसऱ्याच्या गाडीला जीपीएस, व्हॉट्सअॅप उघडून देणे, या चारही गोष्टींना दारातूनच नाही म्हणा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवल्याबद्दल खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. २०२३च्या दूरसंचार कायद्यात अशा माहितीत घुसखोरी करण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आहे.

हिशेब मांडून बघा

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, त्यांच्या जागी आपले घाला. पाच दिवसांच्या पाळतीचे तुम्ही ४०,००० रुपये सांगितले. मदतनिसाचे रोज १,२०० म्हणजे ६,०००. दोन वाहनांचे भाडे-पेट्रोल रोज १,००० म्हणजे ५,०००. दोघांचे खाणे रोज ६०० म्हणजे ३,०००. उरले २६,०००. पण एक दिवस आधीच्या पाहणीत आणि एक अहवालात गेला, म्हणजे काम सात दिवसांचे. दिवसाला सुमारे ३,७०० पडले. कचेरी, फोन, इंटरनेट, हिशेबनीस यांचा महिन्याचा खर्च १२,००० धरला, तर अशी तीन कामे मिळालेल्या महिन्यात हातात ६६,००० आणि एकच काम मिळालेल्या जुलैत १४,०००. जुलै दरवर्षी येतो. म्हणून पाळतीवर संसार चालवू नका. कागदाची कामे पावसातही चालतात.

विमा कंपन्यांच्या पॅनेलवर जायचे असेल तर अपघात दाव्यांची चौकशी मिळू शकते. नुकसान ठरवणाऱ्या सर्व्हेअरला आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, परवाना लागतो, चौकशी करणाऱ्याला नाही, पण पॅनेलवर येण्यासाठी आधीच्या अहवालांचे नमुने मागतात. नावे खोडून असे दोन-तीन नमुने तयार ठेवा.

अहवाल

रोजनिशी मिनिटासह लिहा आणि दिसले तेवढेच लिहा. ‘१०.४२, म्हापसा, पांढरी हॅचबॅक बाजाराबाहेर थांबली, अंदाजे तिशीची, निळ्या ड्रेसमधली स्त्री पुढे बसली.’ यात ‘प्रेयसी’ हा शब्द घातलात तर उलटतपासणीत वकील त्या एका शब्दावर अर्धा तास काढील.

फोटो, व्हिडिओ न्यायालयात द्यायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३चे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग उपकरण वापरणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये काहीही बदलले की बदलणारा तिचा अंकी ठसा, नोंदवायचे असते. म्हणून मूळ फाइल ज्या फोनवर काढली त्यावरच राहू द्या, त्याच संध्याकाळी प्रत काढून हॅश टिपा. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळते. मग तो मूळचाच, हे सिद्ध करणे कठीण होते.

अहवालाची शेवटची प्रत उरलेले पैसे खात्यात जमा झाल्यावर द्या, चेक हातात आल्यावर नव्हे. सामग्री किती महिने ठेवून कधी पुसणार ती तारीख करारातच घाला, आणि त्या दिवशी खरेच पुसा.