एकच ई. कोलाय, दोन रंग: जनुकांची कळ प्लेटवर कशी पाहावी

आतड्यातला रोगजंतू आपली हत्यारं चोवीस तास परजून बसत नाही. आमांशाचा जिवाणू 'शिगेला' बाहेर गार पाण्यात असतो तेव्हा एच-एनएस नावाचं प्रथिन त्याच्या व्हिरएफ या म्होरक्या जनुकावर ठाण मांडून ते बंद ठेवतं. ३७ अंशांच्या आतड्यात शिरला की डीएनएची ठेवण बदलते, ती पकड सुटते आणि पेशींत घुसायला लागणारी जनुकं एकापाठोपाठ एक चालू होतात. फळ्यावर बाण काढून हे शिकवता येतं, पण पटत नाही. सांगली-साताऱ्यातल्या साध्या बी.एस्सी. लॅबमध्येही जनुकांची अशी कळ डोळ्यांनी दाखवता येते. त्यासाठी रोगजंतू लागत नाही, निरुपद्रवी ई. कोलाय के-१२ पुरतो.

पाहायचं आहे ते कर्ली, म्हणजे जिवाणूच्या अंगावर उगवणारे चिवट प्रथिनतंतू. गाईंना कासदाह करणाऱ्या ई. कोलायवर ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रथम सापडले. पृष्ठभागाला आणि शरीरातल्या फायब्रोनेक्टिनला चिकटायला ते उपयोगी पडतात. काँगो रेड हा रंग त्यांना धरून बसतो, म्हणून कर्ली असलेली कॉलनी तांबूस-तपकिरी दिसते आणि नसलेली फिकट. इथे कळ शिगेलाच्या उलट आहे: के-१२मध्ये कर्ली गारव्यात चालू होतात, ३७ला बंद पडतात.

वाण पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहांकडून मागवा. के-१२ घराण्यातले सगळे वाण सारखी कर्ली करत नाहीत, एमसी४१०० भरवशाचा. सीएसजीए जनुक (कर्लीच्या तंतूचं मुख्य प्रथिन बनवणारं) काढलेला वाण मिळाला तर तोही शेजारी लावा, म्हणजे फिकट कशाला म्हणायचं याचा वाद उरत नाही. कृष्णेच्या पाण्यातून, गटारातून किंवा रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केलेला जंतू या प्रयोगाला घेऊ नका. शिगेलाच्या दहा ते शंभर पेशीसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरतात.

मीडिया, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य, घरचाच करा. एलबी या नेहमीच्या मीडियाची बाटलीतली तयार पावडर बहुतेक वेळा मीठ घातलेली असते, मिठाने कर्ली दबतात, आणि हा प्रयोग फसतो तो बहुधा तिथेच. दोन फ्लास्क घ्या. प्रत्येकात १०० मिली पाणी, १ ग्रॅम ट्रिप्टोन, ०.५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, १.५ ग्रॅम अगार. दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेवढं १ ग्रॅम मीठ जास्त. ग्लुकोज अजिबात नको, कारण त्याने सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू घटतो आणि कर्ली दबतात. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांना १५ मिनिटं. फ्लास्क हाताला सोसवेल इतका, साधारण ५५ अंशांवर आला की काँगो रेडचं १० मिग्रॅ प्रति मिली द्रावण फिल्टर करून ०.४ मिली घाला, म्हणजे मिलीमागे ४० मायक्रोग्रॅम होतात. कूमासी ब्लू असेल तर त्याच तीव्रतेच्या द्रावणाचं ०.२ मिली, फरक जास्त उठून दिसतो, पण नसलं तरी अडत नाही. काँगो रेड बेंझिडिनपासून केलेला रंग आहे, कर्करोगाची शंका असलेला. पावडर तोलताना हातमोजे घाला आणि पंखा बंद ठेवा.

ओतलेल्या प्लेट लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) झाकण कलतं ठेवून अर्धा तास सुकवा. जुलैच्या दमट हवेत तासही लागतो. ओल्या प्लेटवर थेंब पसरतो आणि रंगाची वर्तुळं कळेनाशी होतात. रात्रभर वाढवलेल्या कल्चरचे ५ मायक्रोलिटरचे थेंब ठेवा, दोन थेंबांत २ सेंटिमीटर अंतर. बिनमिठाची एक आणि मिठाची एक अशी जोडी २८ अंशांना, दुसरी जोडी ३७ला, उलट्या करून ४८ तास.

२८ अंशांसाठी बीओडी इनक्युबेटरच हवा, तो गारही करतो. साधा इनक्युबेटर तापवतो, गार करत नाही. सांगलीत एप्रिल-मेमध्ये खोलीच ३५च्या वर जाते. तेव्हा 'रूम टेंपरेचर'ला ठेवलेली प्लेट फिकट निघते आणि मुलं वाणाला दोष देतात. बीओडीच्या बाहेरच्या पट्टीवरचा आकडा नव्हे, आत पाण्याच्या बीकरमध्ये बुडवलेला थर्मामीटर वाचा. वीज किती वेळ गेली तेही जर्नलमध्ये लिहा.

२४ तासांनी घाईने निकाल लिहू नका. कर्लीची जनुकं चालू करणारं सीएसजीडी हे प्रथिन आरपीओएस या दुसऱ्या नियंत्रक प्रथिनावर अवलंबून आहे, आणि आरपीओएस जागं होतं ते वाढ मंदावल्यावर. म्हणून पहिल्या दिवशी थेंब फिकट दिसतो. ४८ तासांनी २८ अंशांची बिनमिठाची प्लेट तपकिरी लाल होते, कडेचा ताजा घेर मात्र उजळ राहतो. शेजारच्या मिठाच्या प्लेटवर रंग बराच उतरलेला असतो, ३७च्या दोन्ही फिकट.

आता प्रयोगाचा खरा गाभा. ३७च्या फिकट थेंबातून लूपने थोडं उचलून नव्या बिनमिठाच्या प्लेटवर लावा आणि २८ला ठेवा. दोन दिवसांत ते लाल होतं. लाल थेंबातलं ३७ला नेलं की नवी वाढ फिकट येते. जनुक तेच, बदलली ती कळ. हे उलटसुलट करून पाहिल्याशिवाय 'तापमानाने नियंत्रण' असं लिहू नये, कारण नुसता फिकट रंग उत्परिवर्तनानेही येतो.

तसं घडतंही. टेबलावर महिनोन्महिने ठेवलेल्या स्टॅबमध्ये (अगारात टोचून ठेवलेल्या कल्चरमध्ये) आरपीओएस बिघडलेल्या पेशी माजतात आणि २८लाही फिकटच राहतात. अशा वेळी मीडिया बदलत बसू नका. उणे ८० किंवा निदान उणे २० अंशांच्या ग्लिसरॉल स्टॉकमधून वाण पुन्हा उघडा, एकेक कॉलनी वेगळी करा आणि लाल होणारीच पुढे चालवा.