पाणीपट्टी वाढायच्या आधीच फाईल बघा

पाणीपट्टीचं वाढीव बिल हातात पडल्यावर आरडाओरडा करून फारसं काही होत नाही, कारण महापालिका पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवते (मुंबईचा कायदा वेगळा). म्हणून जानेवारीतच हालचाल करा.

१. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात पाणीपुरवठा विभागात जा. २०१८ च्या शासन निर्णयानुसार या वेळात अर्ज न करता, फुकट फाईल पाहता येते. सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी.

२. ‘स्थायी समितीपुढचा दरवाढीचा प्रस्ताव’ असं नेमकं मागा. ‘पाण्याची माहिती द्या’ म्हणालात तर या टेबलावरून त्या टेबलावर फिराल.

३. थकबाकी आणि गळतीचे आकडे आधी टिपा. खरी गोम बहुधा तिथेच असते.

४. तेच आकडे घालून एक पानी हरकत आयुक्त आणि नगरसेवकांना द्या. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा.

फाईल दाखवलीच नाही, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा. मात्र एकच विषय, १५० शब्दांच्या आत. आणि ‘दर का वाढवले?’ असं विचारू नका, प्रस्तावाची प्रत मागा.