गॅदरिंगचं नाटक तुमच्या गळ्यात पडलंय?

डिसेंबर जवळ आला की हेडमास्तर एखाद्या नव्या शिक्षकाला बोलावून सांगतात, "यंदा नाटक तुमच्याकडं." त्यांच्यासाठी हे लिहितेय. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गणपतीतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करता करता मी या नादाला लागले आणि पुढं बेळगावात मराठी शाळांतली नाटकं बसवण्यातच नोकरी सरली. विंगेत बसून एवढं कळलं की पाठांतर कच्चं म्हणून वाक्य क्वचितच विसरतं. लोक हसतील या धास्तीनं ते घशात अडकतं. म्हणून पहिला आठवडा माझी संहिता पिशवीतच असते.

बाकं भिंतीला लावा, चपला बाहेर, मुलं गोलात. तुम्हीही गोलात बसा, खुर्ची नको. आधी नुसतं चालायला लावा: रोप लावणीच्या चिखलातून, डोक्यावर भरलेली घागर घेऊन, बस सुटतेय म्हणून. (हे शेवटचं आमच्या मुलांना शिकवावं लागत नाही.) एकच नियम, वर्गातल्या कुणाची नक्कल करायची नाही. करायचीच तर माझी करा म्हणते. फार छान करतात, विशेषतः माझं चष्मा सावरणं.

मग पाऊस. डोळे मिटून तळहातावर एका बोटानं टिचक्या, मग दोन, तीन, चार बोटं, मग मांड्यांवर थापा, पायांचा दणका, आणि त्याच क्रमानं उतरत शांत. एका वर्षी कणकुंबीकडचा एक पोरगा वर्गात होता. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा. तो मध्येच म्हणाला, "बाई, आमच्याकडं असा येत न्हाई. आधी रानातनं आवाज येतोय, मग पाऊस." आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासून त्यानं तो आवाज काढून दाखवला. त्या नाटकातलं पावसाचं सगळं खातं मी त्याच्याकडं दिलं. कोणी कधी थांबायचं ते तो हातानं दाखवायचा, आणि सातवीची दांडगी पोरंही ऐकायची. संवाद त्यानं एकही घेतला नाही, मीही आग्रह धरला नाही.

भूमिका वाटायच्या आधी प्रत्येकाला चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायला सांगा: काय करायला आवडेल आणि काय अजिबात करणार नाही. चिठ्ठी तुम्हीच वाचायची. सावळा म्हणून राक्षस, अंगानं भरलेली म्हणून भांडखोर आत्या, असं वाटप चुकूनही करू नका. काही येत नाही त्याला झाड करायची पद्धतही बंद करा. झाड हवंच असेल तर वर्गातल्या पहिल्या नंबराला द्या. न हलता उभं राहणं किती अवघड असतं ते त्यालाही कळू दे.

अडखळत बोलणाऱ्या मुलाला "सावकाश बोल" म्हणू नका, तो जास्तच आखडतो. त्याचं वाक्य दुसऱ्यानं पुरंही करायचं नाही. अशी बहुतेक मुलं गाताना किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना अडखळत नाहीत. तेव्हा त्याची वाक्यं आधी चौघांच्या तोंडी एकदम द्या, काही तालमींनंतर दोघांच्या. एकट्यानं बोलायचं की नाही ते त्यानं ठरवावं. यानं तोतरेपणा जात नाही. त्यासाठी वाचाउपचार असतात, तेही पालकांना बाजूला घेऊन सांगा.

आता भाषा. आमच्या वर्गात घरी कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी मुलं असतात, आणि मराठी घरांतली मराठीही पुस्तकातली नसते. पहिल्या तालमी घरच्या बोलीत होऊ द्या. "मी जात आहे" म्हणताना खांबासारखं उभं राहणारं पोर "मी जाऊलालोय की" म्हणताना आपसूक पाय उचलतं. प्रमाण भाषा राजाच्या तोंडी ठेवा. बाजारातली भाजीवाली कन्नडच बोलू दे. "मराठी शाळेच्या नाटकात कन्नड कशाला?" असं विचारणारे एखादे पालक भेटतातच. मी त्यांना चहा पाजते आणि सांगते की 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून स्फूर्ती घेऊन. आणि संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चहा संपेपर्यंत बहुतेकांचा राग निवळतो.

तालमीत "चुकलास" म्हणण्याऐवजी पात्राला काम द्या. आवाज बारीक येतोय? "आजीला कमी ऐकू येतं, तिला कळेल असं सांग." पोराचा आवाज चढतो आणि मानही खाली जात नाही.

तालीम शेवटच्या बसच्या आत संपवा, मुलींची तर नक्कीच. भाड्याचा पोशाख सांगू नका. सांगितलात की दोन मुलं नेमकी आजारी पडतात, आणि त्यांना ताप नसतो. आईची साडी, आजोबांचा पंचा, गोणपाट यांत अख्खा दरबार उभा राहतो.

प्रयोगात कुणी वाक्य विसरलं तर विंगेतून फुसफुसू नका, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. समोरच्या पात्रानं पुढचं वाक्य प्रश्नात घालून विचारायचं: "महाराज, काल तुम्ही शिकारीला गेला होता ना?" याची वेगळी तालीम घ्या, मुद्दाम वाक्यं विसरायला लावून. मुलांना हीच तालीम सगळ्यात जास्त आवडते.

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांकडून एक तास मागून घ्या आणि गोलात बसून विचारा, कोण अडकलं होतं आणि कुणी सावरलं. पडदा ओढणारा, पाऊस पाडणारा, सगळे हवेत. नाटकाचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या आधी, ज्याची फजिती त्यात दिसते त्याला एकट्याला दाखवा. त्यानं नको म्हटलं तर तेवढा तुकडा कापा. कापता येत नसेल तर नववीतल्या कुणालाही सांगा, पाच मिनिटांत करून देतात.