महागडे हेडफोन पारखताना

दोन हेडफोनची तुलना करताना पहिली दक्षता आवाजाची पातळी जुळवण्याची घ्यावी, कारण थोडा मोठा वाजणारा हेडफोन कानाला उगीचच सरस वाटतो. सेनहायझर एचडी ६५० सारखा ३०० ओहम इम्पिडन्सचा, म्हणजे विद्युतप्रवाहाला बराच विरोध करणारा हेडफोन आणि कमी इम्पिडन्सचा दुसरा, हे एकाच मोबाइलला जोडून निकाल देणे तर अन्यायाचेच, कारण मोबाइलची ताकद पहिल्याला अपुरी पडते. अ‍ॅम्प्लिफायर एकच ठेवून ओळखीचे ख्यालगायन ऐकावे आणि तानपुऱ्याची आस गायकाच्या स्वरामागे वेगळी उमटते का, डग्ग्याची घुमक पसरट न होता खोल जाते का, हे तपासावे. मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या गजबजाटात उघड्या पाठीच्या (कपांची बाहेरची बाजू जाळीदार असलेल्या) हेडफोनची परीक्षा होत नाही. बाहेरचा गोंगाट थेट आत येतो.

सोय पाच मिनिटांत कळत नाही. एचडी ६५० सुमारे २६० ग्रॅमचा आहे, तर काही प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याने आवाज काढणारे) हेडफोन ६०० ग्रॅमच्या घरात जातात, आणि तो भार मानेला तासाभराने जाणवतो. मुंबईच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्यांखाली घाम येतो व कालांतराने त्यांची सालपटे निघतात, म्हणून माझे झुकते माप मखमली गाद्यांना आहे. बांधणीची चकाकी पाहण्याआधी केबल आणि गाद्या सुट्या मिळतात का, ते विचारावे.